हात मांडीखाली

माझे हात गप्प बसत नाहीत, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. कुणी शर्टाचं बटण लावताना चाचपडायला लागलं की मी ते लावून मोकळी. कुणी सुतळीची गाठ सोडवत बसलं की माझी बोटं शिवशिवतात. देवगडला आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आले की माझ्या ह्या गुणाचं कौतुक व्हायचं. एरवी आई म्हणायची, "जरा दुसऱ्याक करूक दी गो."

पुढे मी ऑक्युपेशनल थेरपी शिकायला मुंबईला गेले. सरकारी मराठीत ह्याला व्यवसायोपचार म्हणतात. तो शब्द ऐकून बाबा खूश झाले. "बरा झाला," म्हणाले, "आधी आमच्या आंब्याच्या व्यवसायावर उपचार कर." मी त्यांना समजावलं की अंघोळ, कपडे, जेवण, खेळ, लिहिणं ही माणसाची रोजची कामं, आणि आजारपणामुळे किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे ज्याला ती जमत नाहीत त्याला ती शिकवायची.

"म्हणजे तू तेंची कामा करतलंस?"

"नाय, बाबा. तेंची तेनींच करूची. मी नुसता बगूचा."

बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तुका जमतला?" त्यांनी विचारलं, आणि आई स्वयंपाकघरातून हसली. मला दोघांचाही राग आला होता.

शेवटच्या वर्षानंतरची इंटर्नशिप मी मुद्दाम मालवणला मागून घेतली. तिथे विशेष मुलांचं एक लहानसं केंद्र आहे. खाली रंगाचं दुकान, वर केंद्र. ते चालवणाऱ्या थेरपिस्ट सावंतवाडीच्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि त्यांच्यासमोर सगळ्यांचा आवाज खाली येई. आम्ही दोघी शिकाऊ मुली होतो. पहिल्याच दिवशी दुपारी बाईंनी आम्हाला जाड लोकरीचे पायमोजे दिले आणि ते हातांवर चढवायला सांगितले. मग ज्याचा एक पाय मुद्दाम आखूड केला होता अशा स्टुलावर बसवलं, समोर बांगड्याची आमटी आणि भात ठेवला आणि म्हणाल्या, "जेवा."

मला कडकडून भूक लागली होती. स्टूल डुगडुगत होतं. तोल सांभाळावा तर हात वर येईना, हात न्यावा तर ताट सरके. आमटी कोपरापर्यंत गेली. थोड्या वेळाने बाई जवळ आल्या, माझ्या हातातून घास काढून घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला. "आवर लवकर, उशीर होतोय," म्हणाल्या. मी इतकी चिडले की तो घास मी थुंकून टाकला. बाई खुर्चीत बसून शांतपणे म्हणाल्या, "आता रोज तीन वेळा असं होतंय असं समज. मूल हट्टी नसतं. दमलेलं असतं, आणि वर आपण त्याच्या हातातलं काढून घेतो."

नंतर त्यांनी पहिला नियम सांगितला. मूल काम करत असताना थेरपिस्टने स्वतःचे हात मांडीखाली घालून बसायचं. अक्षरशः. तळवे मांडीखाली दाबायचे. मूल पडणार असेल, त्याला ठसका लागला असेल, तरच काढायचे. माझ्यासारख्या उतावळीला ही शिक्षाच होती.

मला मिळालेली मुलगी मालवणजवळच्या एका गावातली, आठ-नऊ वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. त्यातून होणाऱ्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाय ताठ, कंबरेत जोर नाही, उजवा हात जरा बरा पण हवा तिथे पोचायच्या आधी दोन ठिकाणी फिरून येणारा. जीभ जड, त्यामुळे बोलणं लक्ष देऊन ऐकावं लागे. बुद्धी मात्र चांगली तल्लख. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं, वर्गात ती नव्हती. गुरुजी वाईट नव्हते. ते म्हणायचे, मुलीला पाठवा, आम्ही सांभाळतो, फक्त मधल्या सुट्टीत भरवायला घरचं कुणीतरी हवं. आणि नेमकं तेच घरात शक्य नव्हतं. वडील मुंबईला नोकरीला, आई काजूच्या कारखान्यात, आजोबांचे गुडघे गेलेले. आई पहाटे उठून भरवायची, जाताना भरवायची, दुपारी धावत येऊन भरवायची. कारखाना घराच्या मागेच होता, शाळा पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या एका घासासाठी मुलगी घरी बसली होती. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत तिला आपल्या हाताने जेवता आलं पाहिजे, म्हणजे ती वर्गात जाईल. माझ्याकडे उन्हाळा होता.

पहिल्यांदा गेले तेव्हा जेवणाचीच वेळ होती. आई जमिनीवर मांडी घालून बसलेली, मुलगी तिच्या मांडीत आडवी. आई भात कालवत होती, माशाचा काटा बोटाने चाचपून काढत होती आणि घास तोंडात घालत होती. एका घासानंतर मुलगी काहीतरी बोलली. मला आधी कळलं नाही, मग कळलं.

"आमटेक मीठ नाय."

"जेव गप," आई म्हणाली आणि पुढचा घास तिच्या तोंडात गेला. लेकीचं आटोपल्यावर आईने उरलेला थंड भात त्याच ताटात, उभ्या उभ्याच, दोन मिनिटांत संपवला आणि ती कारखान्यात पळाली. जाताना मला म्हणाली, "मॅडम, तुमी तिका चालूक शिकवा. जेवणाचा काय, जेवण मी घालतंय मां."

आता जेवायला हात लागतो हे खरं, पण हाताच्या आधी बूड लागतं. पाय लोंबकळत असतील, पाठ डुगडुगत असेल तर हाताची सगळी ताकद पडू नये म्हणूनच खर्च होते, हे मी त्या आखूड पायाच्या स्टुलावर शिकले होते. म्हणून पहिलं काम खुर्ची. मी सावंतवाडीला गेले. तिथे लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराला माप दिलं. खोल बैठक, पाय टेकायला फळी आणि पुढे अर्धचंद्रासारखी कापलेली पाटी, म्हणजे मुलगी पाटीच्या आत बसेल आणि दोन्ही कोपरं टेकतील. त्याने खुर्ची सुरेख केली. वर आपल्या मनाने कडेला लाल-पिवळी नक्षी काढली. सोबत मी जाड, वाकड्या दांड्याचा एक चमचाही करून घेतला. मला माझाच अभिमान वाटला.

खुर्ची रिक्षाने घरी पोचली तर अंगणात शेजारीपाजारी जमलेले. आजोबा पूर्वी मच्छीमार होडीवर तांडेल होते, खलाशांचे मुख्य. त्यांनी खुर्चीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि डोक्यावरची टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराच्या नावान ही खुर्ची घरात इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"हेच्यार बसान तेच्या हातात बळ येव दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाईट नजर पडली आसात तर ती भायरच्या भायर घालव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी मीसुद्धा ओरडले. मुलगी आईच्या कडेवरून सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात मोठ्याने ओरडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, निम्मं काम झालं.

मी दर मंगळवारी जात असे. मंगळवारी खुर्ची पडवीत मांडलेली असे, मुलगी वेणीफणी करून तीत बसलेली असे आणि चमचा चकचकीत. प्रगती मात्र काडीची नव्हती. मुलगी खुर्चीत अशी बसे की जणू फोटो काढायचा आहे. दोन आठवड्यांनी मी एकदा न सांगता शुक्रवारी गेले. टीव्हीशेजारी खुर्ची उभी होती. तिच्यावर कारागिराकडून आलेलं प्लास्टिक परत घट्ट गुंडाळलेलं, त्यावर एक क्रोशाचा रुमाल आणि कडेला जास्वंदीचं फूल. चमचा शोकेसमध्ये, काचेच्या होडीच्या बाजूला. मुलगी मात्र होती तिथेच, खाली, आईच्या मांडीत, तोंड उघडून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्या काय?" मी आजोबांना विचारलं.

"येवढी बरी खुर्ची," ते समजुतीने म्हणाले, "आमटी सांडली तर डाग पडतले मां. तुमी येतात तेवा काडतो आमी."

मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण आवाज शेजारपर्यंत गेला असावा. एसटीत बसूनही मी मनात भांडतच होते. बाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक कोणी काढतं का?" म्हणाल्या. "त्यांनी तुझ्या खुर्चीला मान दिला. मान दिलेल्या वस्तूवर आपण बसत नाही, सांडणं तर लांबच. भांडून येऊ नकोस. विचार कर."

विचार करायला मला चार दिवस लागले. पुढच्या मंगळवारी खुर्ची बाहेर काढलेली नव्हती. मी आजोबांच्या शेजारी पडवीत बसले आणि म्हटलं, "आजोबा, नवी होडी बांधली की काय करतत?"

"काय म्हंजे? पूजा करतत. नारळ फोडतत."

"आणि मगे? प्लास्टिक घालून घरात ठेवतत?"

 आजोबांनी चार पावलांवरच्या समुद्राकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "खारा पानी लागल्याबिगर होडी कसली ती?" आणि गुडघ्यावर हात दाबत उठले, आत गेले आणि नखांनी प्लास्टिक फाडायला लागले. फाटेना तेव्हा मला म्हणाले, "बगतंस काय, कोयती हाड!" मी ती आणून दिली.

त्या दुपारी मी आईला आमटी-भात वाढायला सांगितला, मुलीला खुर्चीत बसवलं आणि ताट समोर ठेवून तिला सांगितलं की आज जेवायचं नाही, आज खुर्ची खराब करायची. ती आधी आजोबांकडे बघत राहिली. त्यांनी मान हलवली. मग तिने असा हात मारला की आमटी माझ्या ओढणीपर्यंत आली. लाल-पिवळ्या नक्षीवर तिची पाचही बोटं उमटली. तिला इतकं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. हळदीचा तो डाग मग कधी निघाला नाही, कुणी काढलाही नाही.

चमचा मात्र तिने ठामपणे नाकारला. हातात दिला की ती तो जमिनीवर पाडत असे, आणि पाडताना तिचा हात अगदी सरळ जात असे. मी कारण विचारलं. "चमच्यान पेज खातत. आजारी मानसा," ती म्हणाली. "माका काय झालाहा?" मी पुस्तक उघडून पाहिलं. पुस्तकात चमच्याची आठ चित्रं होती, हाताचं एकही नव्हतं. मग मी चमचा खरंच शोकेसमध्ये ठेवला आणि हाताने जेवण्याचे तुकडे पाडले: चार बोटं एकत्र आणणं, घास दाबणं, अंगठ्याने तोंडात ढकलणं. आम्ही भरतीची ओली वाळू टोपल्यात आणून ती दाबली, तिचे घास केले. भाकरीचं पीठ मळलं. खोलगट ताटली घेतली, तिच्या खाली ओलं फडकं, म्हणजे सरकणार नाही. भात घट्ट कालवायचा, सुटा नाही. सुरुवातीला तोंडापर्यंत जे पोचायचं ते नाकालाही लागायचं. मी समोर बसलेली, तळवे मांडीखाली, आणि आतल्या आत नुसती तडफड. घास ओठांपाशी येऊन पडला की माझ्या खांद्यापासून काहीतरी सुटून धावे. मी मांडी आणखी दाबे.

माझी ही गत, तर आईची काय असेल? ती मला म्हणाली, "माझो हात आपसूक जाता, बाय. मी थांबवक बगतंय, पण तो जाता." ती आता मला मॅडम म्हणत नव्हती. तिला मी मांडीखाली हात घालायला सांगितलं तर तिला हसू आवरेना, मग रडू. शेवटी मी तिला विळी आणि नारळ दिला. जेवणाच्या वेळी तिने खोबरं खवत बसायचं. त्या महिन्यात त्या घरात सगळ्या भाज्यांत ओलं खोबरं जरा जास्तच होतं. मध्येच ती विचारी, "आणि शाळेत काटो लागलो तर?" शाळेत खिचडी असते, वयनी, खिचडीत काटा नसतो, हे सांगून सांगून मी थकले.

मे महिन्याच्या अखेरीस बाई तिचं काम बघायला आल्या. माझीही ती परीक्षाच होती. आणि नेमकी त्या दिवशी मुलगी हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून बसली. घास घेईना. आईचा हात विळीवरून उठला, खोबऱ्याने माखलेला. मी रागाने लाल झाले होते, पण बाई म्हणाल्या, "थांबा." आम्ही थांबलो. भात निवला. बाईंनी आपले हात शांतपणे मांडीखाली सरकवले आणि समुद्राकडे बघत बसल्या, जणू त्यांना दुसरं काही काम नाही. उघडं तोंड दमलं आणि मिटलं. मग बऱ्याच वेळाने उजवा हात उठला, दोन ठिकाणी फिरून ताटात गेला. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. परत जाताना एसटीत त्या मला म्हणाल्या, "तिने आज तुमची परीक्षा घेतली. तुम्ही पास झालात." मला त्या वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण गर्दी होती.

जूनमध्ये शाळा उघडली. आईने त्या दिवसापुरती रजा घेतली होती, मीही गेले. डाग पडलेली खुर्ची रिक्षातून आली. आजोबा येऊ शकले नाहीत, पण खुर्ची दाराबाहेर पडताना त्यांनी देवाला दोन शब्द सांगितले होते. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात मुलं ओळीने बसली. ओळीच्या टोकाला खुर्ची. आम्ही दोघी समोरच्या पायरीवर. आईच्या पिशवीत एक डबा होता. असू दे, म्हणाली, वेळ काय सांगून येत नाही. मला कळलं की त्यात कालवलेला भात आहे.

खिचडी आली. मुलगी तिच्याकडे बघत बसली. शेजारची पोरं वाकून वाकून बघू लागली तेव्हा मी तळवे मांडीखाली घातले. तिने हात घातला. पहिला घास फ्रॉकवर गेला. कुणीतरी फिदकन हसलं. दुसरा हनुवटीवर. तिसरा तोंडात गेला. एवढ्यात बाकीच्यांची निम्मी ताटं रिकामी झाली होती. मग सगळीच झाली, पोरं नळावर गेली, खेळायला गेली. ती जेवतच होती. फ्रॉकवर, पाटीवर, जमिनीवर खिचडी. एक कुत्रं खुर्चीखाली येऊन बसलं आणि त्याची चैन झाली. गुरुजी दारात उभे होते. घंटेची वेळ होत आली होती, पण त्यांनी घंटेकडे हात नेला नाही.

आई उठली. पदराने हात पुसत ती खुर्चीकडे निघाली. मी तिला अडवणार होते, पण त्याआधी मुलीनेच मान वर केली.

"आये, थंय बस," ती म्हणाली. तोंडात खिचडी होती तरी शब्द स्वच्छ आले. "माका जमता. तू जेव मगे."

आई जागच्या जागी थांबली. हे तिला गेल्या आठ-नऊ वर्षांत कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ती परत येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. हातांना काय काम द्यावं ते तिला सुचत नव्हतं. पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, परत घेतली. मग तिने डबा उघडला. लेकीसाठी घट्ट कालवलेला, काटे काढलेला आमटी-भात. तिने एक घास केला आणि स्वतःच्या तोंडात घातला. बसून, सावकाश, कुणाकडे न बघता.

चावता चावता ती थांबली. मला वाटलं, आता ही रडणार.

"गो बाय," ती नवलाने म्हणाली, "हेच्यात मीठच नाय."

"मी कवापासून सांगतंय," समोर खुर्चीतून उत्तर आलं, आणि पुढच्या घासासाठी हात ताटात गेला.